तक्ता तीन, खालची ओळ

उलानबातरात उणे छत्तीस.
वीज गेली की दुलामसुरेन म्हणते,
नमुने खिडकीबाहेर ठेवा रे, तेवढंच भागेल.
पोरं हसतात.
ती तोवर जनरेटरपाशी पोचलेली असते.

अकरा वर्षं, दोन हजार तीनशे आठ नळ्या.
नळीवर नंबर. नाव तिच्या डोक्यात,
तेही घोड्याच्या रंगासकट:
हा तांबड्यावरून आला होता, पोट नगाऱ्यासारखं.
हिचे डोळे हळदीचे,
आणि नवरा सांगत होता, झोप झाली नाही तिची.

लेखकांच्या यादीत मी सहावा.
आकडेमोड माझी, नकाशेही माझे.
कावीळ 'डी'च्या विषाणूला स्वतःचं कवच नसतं,
तो 'बी'चा अंगरखा उसना घेतो
आणि परत करत नाही,
असं तिनं पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं.
संपादकानं अंगरखा कापला.
बरोबरच आहे त्याचं.

तिच्या भाषेत सग्यासोयऱ्यांना म्हणतात
एलेग नेग्त, एका यकृताची माणसं.
माझ्या भाषेत यकृत दवाखान्यातच राहतं,
उंबरा ओलांडला की त्याचं काळीज होतं,
मग त्याचा तुकडा होतो, त्याला घरं पडतात.
निबंधात 'यकृत' सदतीस वेळा आहे.
मोजायची सवय, दुसरं काय.

नकाशावर रुग्ण म्हणजे लाल ठिपके.
मला वाटलं, नदीच्या कडेनं विखुरतील.
पडले ते एका रेघेत:
शाळा, हिवाळी तळ, खिंड, पुन्हा शाळा.
मी म्हणालो, हा कुणाचा तरी रस्ता दिसतोय.
ती बराच वेळ पाहत राहिली.
हो, म्हणाली. आईचा.

त्सेरेनखांद, खोऱ्यातली एकटी फेल्डशर,
साइडकारची मोटारसायकल, स्टीलची डबी,
काचेच्या चार सिरिंजा, सहा सुया,
रांगेत शंभर पोरं, बाह्या वर केलेली.
सुया ती उकळायची. शेणीच्या जाळावर, वाऱ्यात.
पण उंचावर पाणी लवकर उकळी धरतं
आणि पुरतं तापत नाही.
घटसर्प मात्र गेला त्या खोऱ्यातून.
त्याचा तक्ता कुणी केला नाही.

मासिकाचा छापील फॉर्म:
लेखकांचे हितसंबंध असल्यास नमूद करा.
दोन दिवस तो तिच्या पडद्यावर उघडा होता.
यात आई बसते का, तिनं विचारलं.
मी म्हणालो, ते औषध कंपन्यांच्या पैशांबद्दल आहे.
तिनं 'नाहीत' टाइप केलं
आणि कोट न घालताच बाहेर गेली.

अंक आला तसा ती घेऊन गेली,
शहराच्या टोकाशी, कोळशाच्या धुरात, आईच्या गेरमध्ये.
मीही होतो, दाराशी, बूट काढावेत की नाही या विचारात.
तिनं सगळं वाचून दाखवलं, स्वतःच्या भाषेत, सावकाश.
म्हातारी दुधाच्या चहात मीठ टाकत ऐकत होती.
किती, एवढंच विचारलं तिनं.
आकडा ऐकला. पळी खाली ठेवली.
रडली वगैरे नाही.

मग म्हणाली, ती शेवटची ओळ पुन्हा वाच.
तक्ता तीन. संपर्क तुटलेले: एकशे चार.
तुटलेले कसे, म्हातारी म्हणाली,
मला ठाऊक आहेत.
आणि ती सांगू लागली, रांगेतल्याच क्रमानं:
गोंचिग, तो आता खाणीवर आहे.
यादमा, सुईला घाबरायची, खिंडीपलीकडे दिली.
लुव्सानची जुळी, त्यातली एक गेली,
दुसरीला धरून आणावं लागेल, हट्टी आहे.
दुलामसुरेन मासिकाच्या पाठीवर लिहीत होती,
पाठ संपली तशी समासात,
माझ्या आलेखांवरूनही.
चहावर साय धरली होती.
एकोणचाळिसाव्या नावाला म्हातारी थांबली,
थांब, म्हणाली, याच्या बापाचं नाव आठवू दे.

सोमवारी दोघी जीपनं निघाल्या.
मागच्या सीटवर शीतपेटी, गोळ्यांची खोकी,
आणि ती जुनी स्टीलची डबी, रिकामी,
ती का घेतली, मी विचारलं नाही.
फ्रीझरची किल्ली माझ्याकडे आहे.